कवायत

२०२४ ची रमजान ईद झाली आणि चौथ्या दिवशी पहाटे मी सलवार-कमीज, पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट आणि डोक्यावर चार पिना लावलेली ओढणी अशा थाटात भरतीच्या मैदानावर उभी होते. माझ्या मागे तीन मुली. चव्वेचाळीस वर्षांची बाई पोलीस भरतीच्या कॅम्पला कशाला आली, हे तिथल्या पोरांना कळेना. खरं सांगायचं तर मलाही नीट कळलं नव्हतं.

सुरुवात अशी झाली. आमच्या उर्दू शाळेतून बारावी झालेल्या तीन मुलींनी पोलीस शिपाई भरतीचा अर्ज भरला होता. एक बागवानांची, एक शिकलगारांची, एक मुल्लांची. त्यांची नावं मी इथे लिहीत नाही, घरच्यांना अडचण नको. त्या वर्षी राज्यात सतरा हजारांवर जागा होत्या आणि अर्ज सतरा लाखांच्या वर गेले होते. म्हणजे एका जागेमागे शंभरजण. नुसतं घरच्या गच्चीवर उड्या मारून भागणार नव्हतं. गावाबाहेर द्राक्षबागांच्या पलीकडे मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालेले एक सुभेदार उन्हाळ्यात तीस दिवसांचा कॅम्प घेतात. सैन्यातलं वेळापत्रक, सैन्यातली शिस्त, सैन्यातल्या शिक्षा. पोरं त्यांना उस्ताद म्हणतात. मुलींना तिथे जायचं होतं. मुल्लांच्या मुलीची आई माझ्याकडे आली आणि दारातच म्हणाली, "आपा, तुम साथ रहे तो भेजती. नहीं तो नहीं." दुसऱ्या दोघींच्या घरूनही तोच निरोप आला.

मी हो म्हटलं. माझ्या डोळ्यांसमोर चित्र होतं ते असं की मुली धावतील आणि मी झाडाखाली खुर्ची टाकून दहावीचे पेपर तपासेन.

पहिल्या दिवशी मी खरोखर पेपरांची पिशवी नेली होती. उस्तादांनी पिशवीकडे पाहिलं, मग माझ्या बुटांकडे.

"बाई, मैदानात एकतर पळायचं, नाहीतर फाटकाबाहेर बसायचं. मधलं काय नाही आपल्याकडं."

फाटकाबाहेर बसले तर आयांना दिलेला शब्द मोडत होता. फाटकापासून मैदानाचं टोक दिसतही नाही. शिवाय तिन्ही मुली माझ्याकडे बघत होत्या. वर्गात 'प्रयत्न करा, प्रयत्न करा' म्हणून मी त्यांचं डोकं खाल्लेलं आहे. मी पिशवी भिंतीला टेकवली आणि रांगेत शेवटी उभी राहिले.

मुलींची चाचणी असते ८०० मीटरची. २ मिनिटं ५० सेकंदांत संपवली तर २० पैकी २० गुण. मग १०० मीटर धावणे १५ गुणांचे आणि ४ किलोचा गोळा फेकणे १५ गुणांचे. एकूण ५०, त्यात निम्मे मिळाले तरच लेखी परीक्षेच्या यादीत येण्याची आशा. मुलांना १६०० मीटर आणि गोळा ७.२६० किलोचा. हे आकडे मला आता शाळेच्या घंटेसारखे पाठ आहेत. त्या सकाळी एवढंच कळलं की ८०० मीटर म्हणजे त्या मैदानाच्या दोन फेऱ्या, आणि पहिली फेरी अर्धी होईतो माझ्या छातीत लोहाराचा भाता सुरू झाला. दुसरी फेरी मी चालतच पुरी केली. उस्तादांनी घड्याळ दाबून वहीत लिहिलं : ८ मिनिटं ५ सेकंद. मी म्हटलं, माझं कशाला लिहिता? ते म्हणाले, "नफरीत आलात की लिहायचं."

नफरी म्हणजे हजेरीची संख्या. सैन्यात हा शब्द रोज वापरतात, आपल्या घरात कुणी वापरत नाही. पण तो आपला आहे, अरबी 'नफर'वरून आलेला. मी दम घेत असतानाही माझ्यातली मास्तरीण जागी होती, त्याला इलाज नाही.

पहिला आठवडा कसा गेला ते सविस्तर सांगण्यात अर्थ नाही. ज्याने कधी व्यायाम सोडून पुन्हा धरला आहे त्याला ठाऊक आहे, आणि ज्याने धरलाच नाही त्याला सांगून पटणार नाही. नडग्या अशा दुखत की जिना उतरताना मी उलटी, कठडा धरून उतरायची. नमाजमध्ये रुकू जमायचा, सजदाही जमायचा, पण सजद्यातून उठताना तोंडातून 'अल्लाह' जरा जास्तच मनापासून निघायचा. तिसऱ्या दिवशी सलवारीचा घेर बुटात अडकला आणि मी मुरमावर आडवी झाले. दोन्ही गुडघे सोलले. त्या दिवसापासून मुलींसारखीच ट्रॅक पँट, वर गुडघ्यापर्यंतचा सैल सुती कुर्ता आणि डोक्याला ताणणाऱ्या कापडाचा स्कार्फ. त्याबद्दल उस्तादांचा एकच नियम होता : "डोक्याला काय बांधायचं ते बांधा, पण पिना नकोत. पडलं की टोचतात." बस. ज्या प्रश्नावर आपल्याकडे आणि टीव्हीवर इतकी वर्षं भांडणं चालली आहेत, तो त्या मैदानावर पिनांपाशी सुरू झाला आणि पिनांपाशीच संपला.

मोहल्ल्यात मात्र संपला नव्हता. भल्या पहाटे चार बायका ट्रॅक पँट घालून निघतात म्हटल्यावर पडदे हलणारच. फजरची अजान तेव्हा पाचच्या सुमारास होई. आम्ही आपापल्या घरी नमाज पढून माझ्या दारात जमायचो आणि सव्वापाचपर्यंत मैदानावर पोचायचो. मशिदीतून परतणारी माणसं वाटेत भेटायची. बहुतेक मान खाली घालून जात. एका बुजुर्गांनी तिसऱ्या-चौथ्या दिवशी मला थांबवून विचारलं, "मास्टरनी, इस उम्र में क्या भरती होना है?" मी म्हटलं, "चाचा, डॉक्टर बोले शुगर किनारे पे है." ते खरंच होतं. रिपोर्टमध्ये आकडा ६.२ आला होता. डॉक्टरचं नाव काढल्यावर चाचांचा आवाज उतरला. "फिर दौड़ो," म्हणाले. मला मागाहून वाईट वाटलं. मुलींसाठी धावते म्हणायला मी कचरले आणि शुगरच्या आड लपले.

आता त्या घोषणेबद्दल. हे लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं.

कॅम्प सुरू होताना आणि संपताना सगळ्यांनी रांगेत उभं राहून मराठा लाइट इन्फन्ट्रीची युद्धघोषणा द्यायची, हा उस्तादांचा रिवाज. 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय' आणि मग 'टेंबलाई माता की जय'. पहिल्या दिवशी बेचाळीस पोरांच्या आवाजाने बाजूच्या बागेतले पक्षी उडाले. माझ्या तिघींनी माझ्याकडे पाहिलं. घरी परतताना शिकलगारांच्या मुलीने विचारलं, "आपा, दुसरे को क्या करना?"

शिवाजी महाराजांच्या नावाला कुणाचीच हरकत नव्हती. त्यांच्या आरमारात दौलतखान होता, हे मी शाळेत शिकवते आणि आपल्या व्यासपीठांवर तर आपण ते इतक्यांदा सांगतो की कधी कधी वाटतं, आपण हजेरी लावतोय. दुसऱ्या घोषणेचं तसं नव्हतं. मी मुलींना म्हटलं, "मी गप्प राहणार आहे. तुम्ही आपल्या मनाला विचारा." माझ्या काही वाचकांना हे कमी वाटेल, काहींना जास्त. सकाळी पाच वाजता रांगेत उभं राहून मला तरी एवढंच सुचलं. तिघीही गप्प राहिल्या.

चौथ्या की पाचव्या दिवशी उस्ताद माझ्याजवळ आले. "बाई, तुमच्या पोरी पहिल्या जयला आवाज देतात, दुसऱ्याला गप्प असतात."

मी म्हटलं, "हो."

ते थोडा वेळ मैदानाकडे बघत राहिले. माझ्या पोटात गोळा आला होता. मग म्हणाले, "बरं. पण पहिल्याला आवाज फार बारीक येतोय. गोळा फेकताना पोटातून आवाज निघाला पाहिजे, तिथनंच शिकायचं असतं."

त्यानंतर त्यांनी तो विषय कधी काढला नाही. एका पोराने काढला, पाठीमागून, काहीतरी कुजबुजून. कोण ते मला कळलं होतं. त्याच्याबद्दल पुढे येईल.

फीचा प्रश्न निघाला तेव्हा उस्तादांनी माझ्याकडून पैसे घ्यायला नकार दिला आणि बदल्यात मराठी व्याकरण मागितलं. लेखी परीक्षा १०० गुणांची : अंकगणित, सामान्यज्ञान आणि चालू घडामोडी, बुद्धिमत्ता चाचणी आणि मराठी व्याकरण. पेपर मराठीत. पोरांचं मैदान पक्कं असतं, पण व्याकरणात ती गळतात, असं त्यांचं म्हणणं. मग रोज दुपारी चार वाजता, मैदान तापलेलं असताना, पत्र्याच्या शेडमध्ये माझा तास आणि पाच वाजता पुन्हा कवायत.

आणि इथे मला माझा शब्द सापडला. उर्दूत व्याकरणाला आम्ही 'कवाइद' म्हणतो. 'कायदा' या शब्दाचं अरबी अनेकवचन, म्हणजे नियम. उर्दूच्या पहिल्या पुस्तकाला लहान मुलं 'कायदा' म्हणतात ते हेच. मराठीत 'कायदा' कोर्टात गेला आणि 'कवाइद' सैन्यात जाऊन 'कवायत' झाली. वीस वर्षं मी उर्दूच्या तासाला फळ्यावर 'कवाइद' लिहिते, पीटीच्या तासाला खिडकीतून 'कवायत' बघते, आणि हे दोन्ही एकच आहेत हे मी कधी मुलांना सांगितलं नव्हतं. त्या शेडमध्ये सांगितलं. चार वाजता कवाइद, पाच वाजता कवायत, पास झालात तर हातात कायदा. पोरांना आवडलं. शब्दाच्या आणखी खाली गेलं तर धातूचा अर्थ 'बसणे' असा आहे. नमाजमध्ये आपण बसतो तो कादाही तिथलाच. हे मी उस्तादांना सांगितलं तेव्हा ते मोठ्याने हसले. "म्हणजे बाई, कवायतीच्या मुळाशी बसणं आहे? पोरांना सांगू नका."

त्यांना स्वतःला 'उस्ताद' का म्हणतात, हेही त्यांनी कधी मनात आणलं नव्हतं. पलटणीत शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात, एवढंच ठाऊक. मी म्हटलं, त्या हिशेबाने मीही उस्तादच. "मग उस्ताद," ते म्हणाले, "वीस जोर बाकी आहेत तुमचे."

व्याकरणाच्या तासाला एक गंमत झाली. प्रयोग शिकवताना मी पोलीस भरतीला शोभेल असं उदाहरण घेतलं. शिपाई चोर पकडतो, कर्तरी. शिपायाने चोर पकडला, कर्मणी. शिपायाने चोराला पकडले, भावे. मागच्या बाकावरचा एक पोरगा म्हणाला, "मॅडम, तिन्ही वेळा चोर सापडला ना? मग झालं की." सगळे हसले. तेवढ्यात बागवानांची म्हणाली, "आपा, शिपाई का स्त्रीलिंग क्या?" मी म्हटलं, सरकारी कागदावर 'महिला शिपाई'. तिला ते पटलं नाही. मास्तरची मास्तरीण होते तर शिपायाची शिपाईण का नाही? त्या दिवसापासून कॅम्पमधल्या नऊही मुली एकमेकींना शिपाईण म्हणू लागल्या.

आमच्या मुलींची मराठीची खरी अडचण वेगळी असते. उर्दूत नपुंसकलिंग नाही. किताब स्त्रीलिंगी, म्हणून त्या 'ती पुस्तक' म्हणतात आणि वर्ग हसतो. एकदा हसला की पुढची दहा वर्षं तोंड उघडत नाहीत. मग मी उलट्या बाजूने सुरुवात केली. फळ्यावर पोलीस ठाण्यातले शब्द लिहिले : फिर्याद, जबाब, जामीन, मुद्देमाल, इसम, फरार, हजर, दाखल. म्हटलं, वाचा. तिघी घडाघडा वाचत गेल्या, अर्थासकट. 'इसम' म्हणजे मुळात नाव, 'फरार' म्हणजे पळणं. मराठी शाळेतली पोरं वह्यांत उतरवून घेऊ लागली. पाठीमागून कुजबुजणारा तो पोरगाही. तो नंतर माझ्याकडे येऊन म्हणाला, "मॅडम, 'मुद्देमाल'चा समास कसा सोडवायचा?" प्रश्न चांगला होता. मुद्दई म्हणजे दावा करणारा, त्यावरून मुद्दा आणि मुद्देमाल कसे जुळतात याचा मलाही घरी जाऊन विचार करावा लागला. दुसऱ्या दिवशी मी त्याला जेवढं पक्कं होतं तेवढंच सांगितलं. तो माझा मित्र झाला असं काही म्हणणार नाही. पण नंतर माझ्या पाठीमागून कुणी कुजबुजलं नाही.

फलकावरच्या शब्दांपाशी शिकलगारांची मुलगी थांबली होती. तिने भरतीचा अर्ज का भरला ते मला त्या दिवशी कळलं. तिच्या भावाला दोन वर्षांपूर्वी कसल्याशा भांडणात साक्षीदार म्हणून बोलावलं होतं. ती आईबरोबर गेली होती. कागद पुढे आला, सही करा म्हणाले. घरात सगळ्यांत जास्त शिकलेली तीच, पण घाईघाईत लिहिलेलं ते मराठी तिला वाचता येईना आणि 'काय लिहिलंय' असं विचारायचा धीर होईना. कागदात वाईट काही नव्हतं, पुढे काही झालंही नाही. पण ती म्हणाली, "आपा, मुझे टेबल के उस तरफ बैठना है." आपल्या वस्तीत ठाण्यात जायचं म्हणजे बरोबर दोन वडीलधारे आणि एक ओळखीचा नगरसेवक लागतो. हे तुम्हाला मी सांगायला नको. टेबलाच्या पलीकडे आपली मुलं-मुली किती आहेत, हेही नको. पोलीस भरतीत महिलांना तीस टक्के जागा आहेत, त्या आपल्या मुलींना बंद नाहीत. फॉर्म भरायला कुणी अडवलेलं नसतं. अडतं ते पहाटे सव्वापाचला बरोबर कोण जाणार, इथे.

६ आणि ७ मे हे दोन दिवस माझी गैरहजेरी लागली. लोकसभेची निवडणूक, आम्हा शिक्षकांची ड्युटी. मशीनच्या पेट्या घेऊन केंद्राच्या जिन्यावर चढताना माझ्या बरोबरच्या गुरुजींनी दोनदा थांबून दम घेतला आणि मी दोन पेट्या वर ठेवून खाली त्यांची पिशवी आणायला आले. त्यांनी विचारलं, "काय घेता हो बाई?" मी म्हटलं, भिजवलेली मटकी, शेंगदाणे-गूळ आणि शिव्या. शिव्या हा शब्द अतिशयोक्तीचा आहे. उस्ताद शिवी देत नसत. ते 'शाब्बास' अशा सुरात म्हणायचे की शिवी बरी वाटावी.

निवडणुकीहून परत आले तेव्हा मुल्लांची मुलगी मैदानावर नव्हती.

तिघींत तीच सगळ्यांत चपळ होती. विसाव्या दिवशी तिने ८०० मीटर ३ मिनिटं ४ सेकंदांत मारले होते आणि उस्तादांनी वहीत तिच्या वेळेखाली रेघ ओढली होती. कराडकडच्या पाहुण्यांनी स्थळ आणलं होतं. मुलगा चांगला, दुबईत नोकरीला. बघायला येणार म्हणून आईने उन्हात जाणं बंद केलं. मी संध्याकाळी घरी गेले. आईने चहा केला, बिस्किटं काढली. "धूप में कितनी काली हो गई, देखो तो," म्हणाली. मग तिनेच विषय मिटवला : "आपा, तुमने अपना काम किया."

मुलगी आतल्या दाराशी उभी होती. काही बोलली नाही. मीही पुरेसं बोलले नाही. तिची वेळ किती होती, वहीत रेघ कशी ओढली होती, एवढं तरी मी तिच्या आईला सांगायला हवं होतं. पण त्या बाईने माझ्या शब्दावर आपली मुलगी माझ्याबरोबर पाठवली होती. तोच शब्द उलटा धरून तिच्यावर दाबायचा मला हक्क आहे की नाही, हे मला चहा पिता पिता ठरवता आलं नाही. नंतर ठरवलं, सांगायला हवं होतं. नंतर ठरवून काय होतं? तिचे बूट माझ्या घरी होते. तिघींचेही बूट माझ्याच कपाटात असायचे, रोज नेआण नको म्हणून. पाच नंबरचे निळे बूट खालच्या कप्प्यात राहिले.

शेवटचे आठ दिवस त्यामुळे जरा जड गेले. बागवानांची पायाला चमक भरली म्हणून रडली, शिकलगारांची माझ्यावरच चिडली की मी मुल्लांकडे नीट भांडले नाही. मैदानावर चिडून धावणं चांगलं असतं, असं उस्तादांचं मत. द्राक्षबागांची खरड छाटणी होऊन उघड्या पडलेल्या काड्यांवर तेव्हा नवी पालवी आली होती. लांब पळायला आम्ही त्या बागांमधल्या रस्त्याने जायचो. तिथे पाणी धरणाऱ्या बायका बांधावर उभ्या राहून बघत. पहिल्या आठवड्यात त्या हसायच्या. शेवटी शेवटी एक म्हातारी मला रोज ओरडून सांगायची, "पळ गं बया, थांबू नगं!" मी कोण, कुठल्या मोहल्ल्यातली, तिला काही ठाऊक नसावं.

१४ मेला कॅम्प संपला. शेवटची परीक्षा दोन भागांत होती. पहाटे पाठीवर पाच किलोची पिशवी घेऊन दहा किलोमीटर चालायचं, मग अर्धा तास विश्रांती आणि ८०० मीटर. दहा किलोमीटरला मी पोरांच्या मागे पण शेवटून चौथी होते. माझ्या पिशवीत वजनासाठी उत्तरपत्रिका भरल्या होत्या, म्हणजे एका अर्थी पहिल्या दिवशीचा बेत मी पुरा केला. ८०० मीटरला दुसऱ्या फेरीचा शेवटचा कोपरा वळले तेव्हा सगळी पोरं पळून झाली होती आणि रेषेवर उभी राहून ओरडत होती. 'उस्तादनी, उस्तादनी' असं. कुणी सुरू केलं माहीत नाही. शेवटचे साठ-सत्तर मीटर मी खरोखर धावले, म्हणजे माझ्या हिशेबाने. ५ मिनिटं १२ सेकंद. भरतीच्या तक्त्यात या वेळेला फारसं मोल नाही. उस्तादांनी पहिल्या दिवसाची ८ मिनिटं ५ सेकंद आणि ही वेळ एकाखाली एक लिहिली, वजाबाकी केली, आणि वही माझ्याकडे फिरवून म्हणाले, "तपासा." मी लाल पेनाने बरोबरची खूण केली. सवयच ती.

शेवटची घोषणा झाली. पहिल्या जयला आमचा आवाज पोटातून निघाला. दुसऱ्याला आम्ही गप्प होतो. कुणी वळून पाहिलं नाही.

बकरी ईदनंतर दोनच दिवसांनी राज्यभर मैदानी चाचण्या सुरू झाल्या. माझ्या दोघींची पाळी पावसाच्या चिखलात आली. बागवानांच्या मुलीला मैदानात ३१ गुण मिळाले, लेखीच्या यादीत नाव आलं नाही. शिकलगारांच्या मुलीला ३९ मिळाले, लेखीला बसली. मराठी व्याकरणात तिचे दोनच प्रश्न चुकले. एक लिंगाचा होता, ते मी स्वतःला लावून घेतलं. अंकगणिताने घात केला, निवड सहा गुणांनी हुकली. तिने पुढच्या भरतीची तयारी दुसऱ्याच दिवशी सुरू केली, मी चौथ्या दिवशी. माझी शुगर किंचित खाली आली, फार नाही.

यंदा एप्रिलमध्ये उस्तादांचा फोन आला. नमस्कार नाही, चमत्कार नाही, "बाई, तुमच्याकडनं नफरी किती?" मी मुली मोजल्या. शाळेतल्या पाच, मागच्या दोघी आणि मी. "आठ," म्हटलं.

त्याच आठवड्यात मुल्लांच्या मुलीचा सासरहून मेसेज आला. तिच्या मियाँनी तिला दुबईला नेलेलं नाही अजून, कागदपत्रं अडली आहेत. तिने विचारलं होतं, आपा, मेरे जूते हैं क्या? मी लिहिलं, आहेत, धुऊन ठेवलेत, पाठवू का? बराच वेळ उत्तर आलं नाही. मग आलं : मत भेजो. ईद को आऊँगी तो ले जाऊँगी.